ओल्या ओकचं घर: वॉरिकचं लॉर्ड लेस्टर हॉस्पिटल

इंग्लंडच्या मध्यभागी वॉरिक नावाचं जुनं गाव आहे. तिथला हाय स्ट्रीट पश्चिमेला जिथे उतरणीला लागतो, तिथे गावाची जुनी वेस आहे, वेस्ट गेट. वेशीच्या दरवाजावर, अगदी कमानीच्या डोक्यावर, एक दगडी चॅपल, म्हणजे लहान प्रार्थनाघर, बांधलेलं आहे. आणि चॅपलला लागून लाकडी सांगाड्याच्या इमारतींचा एक पुंजका. वरचा मजला रस्त्याच्या बाजूला पुढे आलेला, खांब तिरके, खिडक्यांच्या रेषा खालीवर. आत शिरलं की मध्ये चौक. हे लॉर्ड लेस्टर हॉस्पिटल.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही इमारत आता पडणार. पण आतलं गिल्डहॉल नावाचं दालन १४५०च्या सुमाराचं आहे. ज्या तिरकेपणाची भीती वाटते त्यातला बराचसा बांधकामानंतरच्या पहिल्या काही दशकांतच आला आणि तिथेच थांबला. ही इमारत ओल्या लाकडात बांधलेली आहे, आणि ओलं लाकूड वाळताना हलतं. बांधणाऱ्यांना ते माहीत होतं. सांधा कसा करायचा, मजला पुढे का काढायचा, भिंत कशाने भरायची, हे सगळं त्यांनी हे हलणं धरूनच ठरवलं. इमारत समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधी नावाबद्दल थोडं. इथे ‘हॉस्पिटल’ म्हणजे दवाखाना नव्हे. जुन्या अर्थाने तो शब्द आसरा देणाऱ्या जागेसाठी होता, आपल्या धर्मशाळेच्या जवळचा. फरक एवढाच की धर्मशाळेत वाटसरू दोन रात्री काढतो आणि इथे माणूस उरलेलं आयुष्य काढतो. अशा संस्थेला इंग्लंडमध्ये आम्सहाउस म्हणतात. दात्याने जमिनीचं उत्पन्न लावून द्यायचं, त्यातून ठरावीक संख्येच्या वृद्ध, गरजू लोकांना खोली आणि भत्ता मिळायचा, आणि त्यांनी नेमाने चॅपलमध्ये प्रार्थनेला हजर राहायचं. त्यामुळे आम्सहाउसच्या इमारतीला चार गोष्टी लागतातच: ऊब राहील अशा बऱ्याच लहान खोल्या, चॅपल, देखरेख करणाऱ्या मास्टरचं घर, आणि रात्री बंद करता येईल असं एकच फाटक.

बहुतेक ठिकाणी या चार गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून नवी इमारत बांधली गेली. गिल्डफर्डमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज अ‍ॅबट यांनी १६१९मध्ये सुरू केलेलं आम्सहाउस विटांचं आहे: तीन मजली फाटक, त्याला चार कोपऱ्यांवर बुरूज, आणि आत चौकाभोवती खोल्या. चिचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये तर तेराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं एकच प्रचंड दालन आहे. त्याच्या आत दोन्ही बाजूंना लहान लहान घरं बसवली आहेत आणि त्यांची विटांची धुराडी मोठ्या छपरातून वर निघतात. वॉरिकची गोष्ट वेगळी. इथे तयार इमारत हाती आली आणि ती आम्सहाउस झाली.

वेशीवरचं पहिलं चॅपल ११२६चं, वॉरिकचा अर्ल (म्हणजे सरदार) रॉजर द न्यूबर्ग याच्या काळातलं. १३८३मध्ये अर्ल थॉमस बोशां याने ते सेंट जॉर्ज गिल्डकडे दिलं. गिल्ड म्हणजे गावातल्या प्रतिष्ठितांचा धार्मिक-सामाजिक संघ. पुढे गावातले संघ एकत्र आले आणि त्यांनी चॅपलशेजारी आपली दालनं उभारली: जेवणावळीसाठी मोठा हॉल, बैठकीसाठी गिल्डहॉल, शिवाय राहण्याच्या खोल्या. १५४०च्या दशकात आठव्या हेन्रीच्या राजवटीत असे संघ मोडीत निघाले, तेव्हा संघाचा प्रमुख थॉमस ओकन याने मालमत्ता गावाच्या पंचांकडे वळवून घेतली, म्हणून ती वाचली. मग १५७१मध्ये लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या खास मर्जीतला सरदार, याने राणीच्या परवानगीने ती घेतली आणि म्हातारे किंवा युद्धात जायबंदी झालेले सैनिक ठेवण्यासाठी संस्था काढली. एक मास्टर आणि बारा ‘ब्रदरन’, म्हणजे बंधू. आजही तिथे माजी सैनिक राहतात.

म्हणजे डडलीने हे घर बांधलेलं नाही. सव्वाशे वर्षं जुनी बैठकीची दालनं त्याला मिळाली आणि त्यांत खोल्या करता आल्या, कारण ती सांगाड्याची होती.

सांगाडा म्हणजे काय

विटांच्या घरात भिंत वजन पेलते. लाकडी सांगाड्याच्या घरात भिंत काहीच पेलत नाही. वजन छपराकडून वाशांवर, वाशांकडून तुळयांवर, तुळयांकडून खांबांवर आणि खांबांकडून दगडी जोत्यावर जातं. खांबांमधली भिंत नुसती आडोसा असते. ती पाडली तरी घर उभं राहतं. पेशवाईतल्या वाड्यांची बांधणी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे नवं नाही. खणाची भाषाही तीच. खांबांच्या दोन जोड्यांमधली जागा म्हणजे एक खण, आणि इंग्लंडमधल्या या काळच्या घरांत तो साधारण तीन ते पाच मीटरचा असतो. खणावर खण जोडत गेलं की हवं तेवढं लांब दालन होतं.

लाकूड ओक या झाडाचं, आणि ते तोडल्यावर काही महिन्यांतच वापरलं जाई. कारण साधं आहे. ओक वाळला की इतका कठीण होतो की पटाशी आणि गिरमिट चालवणं जिवावर येतं. शिवाय तो वाळायला फार वेळ घेतो. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक वर्ष हा सुतारांचा ठोकताळा आहे, म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीच्या तुळईला दहा-बारा वर्षं. एवढं कोण थांबणार? म्हणून लाकूड ओलंच कापायचं, ओलंच जोडायचं आणि घरातच वाळू द्यायचं.

वाळताना ओक सगळीकडून सारखा आकसत नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत चार-पाच टक्के, आणि वर्षवलयांच्या कडेने आठ टक्क्यांच्या आसपास. खांबाची उंची तेवढीच राहते, पण २० सेंटिमीटर रुंदीचा खांब एखाद-दीड सेंटिमीटरने बारीक होतो. वलयांच्या कडेने जास्त आणि आतल्या दिशेने कमी आकसल्यामुळे लाकूड पृष्ठभागापासून गाभ्याकडे फाटतं. जुन्या खांबांवर उभ्या लांब भेगा दिसतात त्या याच, आणि नव्या माणसाला सर्वांत जास्त भीती त्यांचीच वाटते. लाकडाच्या रेषांना धरून जाणारी भेग बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. काळजी तेव्हा करायची, जेव्हा भेग सांध्यातून आरपार जाते किंवा रेषांना छेद देऊन आडवी पडते.

घर आधी जमिनीवर

हे घर जागेवर तुकड्या-तुकड्याने वाढवत नेलेलं नसतं. सुतार आपल्या आवारात एकेक बाजू जमिनीवर आडवी मांडतो. झाड कुऱ्हाडीने तासलेलं असतं, म्हणून कडा सरळ नसतात, एक टोक जाड, दुसरं बारीक. एक लाकूड दुसऱ्यावर ठेवायचं, ओळंबा सोडायचा आणि खालच्याचा वाकडेपणा वरच्यावर आखून घ्यायचा. म्हणजे प्रत्येक सांधा फक्त त्या दोन लाकडांपुरताच बसतो, तिसरं लाकूड तिथे चालत नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावर खूण कोरतात, रोमन आकड्यांसारखी: एक रेघ, दोन रेघा, पाचासाठी तिरक्या दोन. चार मात्र चार रेघांनी लिहितात, कारण लाकूड उलटं धरलं की रोमन चार आणि सहा यांत गोंधळ होतो. मग सगळं सुटं करायचं, गाडीवर घालून जागेवर न्यायचं आणि खुणा जुळवत उभं करायचं. ३० सेंटिमीटर चौरस आणि सात मीटर लांब अशी एक ओली तुळई साधारण साडेसहाशे किलो भरते. ती दोरखंड आणि माणसांच्या बळावर वर चढवायची म्हणजे जुळवाजुळवीला वर वेळ नसतोच. सगळं खालीच ठरलेलं असावं लागतं.

जोडायला खिळे नाहीत. एका लाकडाच्या टोकाला पातळ जीभ काढतात, दुसऱ्यात तेवढीच खाच, आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. या खुंटीत एक युक्ती आहे. जिभेतलं भोक खाचेच्या भोकाबरोबर सरळ रेषेत पाडत नाहीत. ते जिभेच्या मुळाकडे दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडतात. खुंटी निमुळती असते. ती ठोकली की वाट काढताना किंचित वाकते आणि जिभेला खाचेत ओढून घट्ट बसवते. खुंटी मात्र वाळलेल्या ओकची, आणि करवतीने कापलेली नव्हे, रेषेने फोडलेली. कापलेल्या खुंटीत रेषा मध्येच तुटतात, म्हणून ती ठोकताना मोडते. वाळलेली अशासाठी की भोवतीचं ओलं लाकूड पुढे आकसून तिला आवळून धरतं, ती स्वतः मात्र बारीक होत नाही. जुन्या घरांत बाहेर आलेली खुंट्यांची टोकं दिसतात. काही जण ती छाटून घर ‘साफ’ करतात. तसं करू नये, कारण सांधा सैल झाला तर तेच टोक पुन्हा ठोकता येतं.

सर्वांत अवघड सांधा खांबाच्या डोक्यावर असतो. तिथे चार लाकडं एकत्र येतात: खांब, भिंतीच्या माथ्यावरून लांबीत जाणारी तुळई, तिच्यावरून दालनाच्या आरपार जाणारी बांधतुळई, आणि वासा. एवढ्या सगळ्यांना जागा हवी म्हणून खांब उलटा उभा करतात, झाडाचा बुंधा वर. बुंध्याकडे झाड मुळातच रुंद असतं, ते रुंद डोकं एका जिभेने एक तुळई धरतं आणि दुसऱ्या जिभेने दुसरी. बांधतुळईचं काम भिंतींना एकमेकींपासून दूर जाऊ न देण्याचं आहे, कारण वासे आपल्या वजनाने भिंतींना सतत बाहेर ढकलत असतात. म्हणून ती खालच्या तुळईवर डव्हटेल सांध्याने, म्हणजे टोकाशी रुंद आणि मुळाशी अरुंद अशा खाचेने अडकवलेली असते. इथे ओल्या लाकडाचा स्वभाव आड येतो. डव्हटेल रुंदीत आकसतं, खाचेत सैल होतं आणि सेंटिमीटरभर घसरतं. भिंतीचा माथा तेवढा बाहेर जातो. खांबाची दुसरी जीभ आणि तिची खुंटी तिथे तो सांधा सांभाळते. एकाच ताणाला दोन वेगळी उत्तरं ठेवण्यामागे अनुभव आहे. एक उत्तर सैल पडणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं.

खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात वाकड्या फांदीसारखे तिरके आधार दिसतात. ते शोभेचे नाहीत. नुसता चौकोन वाऱ्याने कलतो, त्रिकोण कलत नाही. हे आधार जन्मतःच वाकड्या झाडातून कापतात, म्हणजे लाकडाच्या रेषा वळणाबरोबर जातात आणि तुटत नाहीत. पुढच्या शतकांत कुणाला दार हवं होतं म्हणून असा एखादा आधार कापला गेला, तर पुढच्या काही दशकांत तो खण हळूहळू कलतो, आणि शेजारच्या खणाला ओढतो. जुन्या घरात एखादा भाग इतरांपेक्षा फार तिरका दिसला, तर आधी रिकाम्या खाचा शोधाव्यात. काय काढून टाकलं गेलं ते त्या खाचा सांगतात.

पुढे आलेला मजला

रस्त्यावरून पाहताना सर्वांत आधी नजरेत भरतो तो वरचा मजला. तो खालच्या भिंतीच्या पुढे आलेला असतो, अशा घरांत साधारण अर्धा मीटर. जागा वाढते आणि खालच्या भिंतीवर पाऊस कमी येतो हे फायदे आहेतच, आणि रस्त्यावर श्रीमंती दाखवायची हौसही होती. पण बांधणीच्या दृष्टीने त्यात आणखी एक शहाणपण आहे.

मजल्याची जमीन म्हणजे आपल्याकडे कडीपाट म्हणतात तोच प्रकार: जाड कड्या आणि त्यांवर फळ्या. कड्यांची टोकं खालच्या भिंतीवरून पुढे काढली आणि वरची भिंत त्या टोकांवर उभी केली, तर भिंतीचं वजन टोकाला खाली दाबतं आणि आतल्या बाजूला कडी किंचित वर उचलली जाते. खोलीत माणसं चालतात, सामान असतं, त्याने कडी मध्यभागी झुकते. हे दोन जोर एकमेकांविरुद्ध असतात, म्हणून मजला कमी हलतो. दुसरा फायदा असा की दोन मजल्यांइतका उंच अखंड खांब शोधावा लागत नाही. प्रत्येक मजल्याचे खांब वेगळे. कोपऱ्यावर जिथे दोन्ही बाजूंना मजला पुढे काढायचा असतो, तिथे कड्या एकाच दिशेला जाऊन भागत नाही. मग कर्णरेषेत एक जाड तुळई घालतात आणि दोन्हीकडच्या कड्या तिच्यात बसवतात.

मध्ययुगीन कड्या आडव्या ठेवलेल्या असतात, रुंद बाजू खाली. १५ बाय २० सेंटिमीटरची कडी आडवी ठेवण्याऐवजी उभी ठेवली तर ती जवळजवळ पावणेदोन पट ताठ होते, कारण ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो. पुढच्या काळातल्या सुतारांनी कड्या उभ्या केल्या. जुन्यांनी आडव्या ठेवल्या त्यालाही अर्थ होता: ओली कडी वाळताना पिळवटते, आणि रुंद बसलेली कडी कलंडत नाही. कड्या कशा ठेवल्या आहेत हे बघून जाणकार मजल्याच्या वयाचा पहिला अंदाज बांधतात. नेमकं वर्ष हवं असेल तर लाकडातून बारीक नळी काढून वर्षवलयं मोजतात. पन्नासहून जास्त वलयं आणि सालीलगतचा थर मिळाला तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं हेही सांगता येतं. लाकूड ओलंच वापरत असल्यामुळे झाड तोडल्याचं वर्ष आणि घर उभं राहिल्याचं वर्ष फार लांब नसतं.

कुडाची भिंत

खांबांमधली जागा भरायची पद्धत कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. ती कुडाची भिंतच आहे. वरच्या लाकडात भोकं, खालच्या लाकडात लांब खोबण. ओकच्या फोडलेल्या काठ्या वर भोकात अडकवायच्या आणि खाली खोबणीत सरकवत न्यायच्या. त्यांच्यातून हेझल झाडाच्या लवचीक फांद्या टोपलीसारख्या विणायच्या. मग चिकणमाती, वाळू, कापलेला पेंढा आणि शेण तुडवून केलेला चिखल दोन्ही बाजूंनी एकाच वेळी थापायचा. एकाच वेळी अशासाठी की दोन्हीकडचा चिखल विणीतून एकमेकाला भेटला पाहिजे. एका बाजूने थापून वाळू दिला तर दुसरी बाजू नंतर सुटून पडते. पेंढा माती फाटू देत नाही. वर चुन्याचा पातळ गिलावा, त्यात जनावरांचे केस मिसळलेले, आणि शेवटी चुन्याचे तीन-चार हात.

ही भिंत वाळताना आकसते आणि लाकूडही आकसतं, म्हणून दोघांच्या मध्ये चारही बाजूंनी फट पडते. ती चुन्याने भरत राहायची. दर काही वर्षांनी चुन्याचा नवा हात द्यायचा. चुन्याचं वैशिष्ट्य असं की त्यात शिरलेलं पाणी तो पुन्हा बाहेर सोडतो.

इंग्लंड म्हटलं की काळं लाकूड आणि पांढरी भिंत हे चित्र डोळ्यांसमोर येतं. ती बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातली आवड आहे. त्याआधी ओक तसाच सोडत, तो उन्हापावसाने रुपेरी करडा होई, किंवा लाकूड आणि भिंत दोन्हींवर सरसकट चुना फिरवत. काळं डांबर किंवा जाड रंग लावला की लाकडाला आतली ओल सोडता येत नाही.

दालनांचं आम्सहाउस होतं

आता डडलीच्या गरजा आठवा: लहान उबदार खोल्या, चॅपल, मास्टरचं घर, फाटक. चॅपल वेशीवर तयार होतं. चौकाभोवती इमारती आधीच होत्या, रस्त्याकडे एक प्रवेश होता, त्यावर १५७१ हे वर्ष आणि डडलीचं नाव आलं. चौकात दोन मजल्यांवर छत असलेला सज्जा आहे, त्यातून जिन्याने वर जाता येतं. आम्सहाउससाठी सज्जा फार सोयीचा असतो. प्रत्येकाचं दार बाहेर उघडतं, कुणाला दुसऱ्याच्या खोलीतून जावं लागत नाही, आणि पावसात न भिजता चालता येतं. सामायिक स्वयंपाकघर होतं, त्या जागेत आता चहापानाची सोय आहे.

खरी अडचण उष्णतेची. मोठ्या दालनात एका जागी आग पेटवली की भागतं, म्हाताऱ्या माणसाला मात्र स्वतःच्या खोलीत शेकोटी हवी. सोळाव्या शतकापासून अशा घरांत विटांची धुराडी घातली गेली आणि उंच दालनांत मधले मजले टाकले गेले. सांगाड्यात हे करणं सोपं असतं: भिंत वजन पेलत नाही, म्हणून आडोसा कुठेही घालता येतो आणि काढताही येतो. पण विटांचं धुराडं ओकच्या सांगाड्याबरोबर हलत नाही. धुराड्याचा पाया वेगळा, वजन प्रचंड, ते एका बाजूला खचतं आणि सांगाडा दुसऱ्या बाजूला कलतो. दोघांमधली फट छपरावर उघडते, तिथून पाणी येतं. लॉर्ड लेस्टरसारख्या कुठल्याही घरात छपराखालची पहिली कुज शोधायची असेल तर धुराड्याच्या कडेला बघावं.

मास्टरच्या घराची चौकाकडची बाजू सर्वांत नटलेली आहे. तिथे गिलाव्यात अस्वल आणि खडबडीत काठी हे वॉरिकच्या अर्लांचं चिन्ह आहे, आणि सिडनी घराण्याचं साळिंदरही. डडलीनंतर संस्थेचं पालकत्व त्याच्या बहिणीच्या सासरी, सिडनी घराण्याकडे गेलं. ही सजावट बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहे, चौकातल्या लाकडाइतकी जुनी नाही. चॅपलचंही तसंच. १८६०च्या दशकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने त्याची डागडुजी केली. चॅपल स्थानिक वालुकाश्माचं आहे. हा दगड मऊ असतो आणि पाऊस-दंवाने थरांनी सुटतो.

५ सप्टेंबर १६९४ला वॉरिकमध्ये मोठी आग लागली. गावाचा मधला भाग आणि सेंट मेरी चर्चचा बराचसा भाग जळाला. पश्चिम टोकाचं हे आवार वाचलं. त्यानंतर गावात वीट आणि दगडाची घरं उभी राहिली, म्हणून आज हाय स्ट्रीटवर चालत आलं की अठराव्या शतकाची सरळ, नीटस दर्शनं संपतात आणि एकदम हा जुना लाकडी पुंजका समोर येतो. जाड ओक तसा पटकन जळत नाही. बाहेरचा थर कोळसा होतो आणि आतलं लाकूड झाकलं जातं, जळण्याचा वेग मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. गावं जळत ती गवताची छपरं, बारीक फळ्या आणि साठवलेलं इंधन यांमुळे.

काय बिघडतं

ओक पाण्याने कुजत नाही, साचलेल्या पाण्याने कुजतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. ती वर्षानुवर्षं वर राहिली तर पाचशे वर्षांचा खांब हातात भुगा होऊन येतो.

सर्वांत आधी जाते ती जोत्यावरची आडवी तुळई, जिच्यावर सगळे खांब उभे असतात. शतकानुशतकं रस्ता भर घालून वर येतो, जोतं गाडलं जातं आणि पाणी तुळईपर्यंत पोहोचतं. त्यावरचा खांब मग खाली बसतो, आणि त्या खणाचा मजला, खिडकी, छप्पर सगळं त्याच्याबरोबर.

दुसरं नुकसान चांगल्या हेतूने झालेलं आहे. विसाव्या शतकात कुडाच्या भिंती काढून त्या जागी विटा भरल्या गेल्या किंवा वर सिमेंटचा गिलावा दिला गेला. सिमेंट कडक असतं, लाकूड मात्र ऋतूप्रमाणे थोडं फुगतं आणि आकसतं. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते. पावसाचं पाणी त्या फटीत ओढलं जातं आणि मग बाहेर पडायला वाट नसते, कारण सिमेंट ते सोडत नाही. वरून भिंत कोरडी, स्वच्छ दिसते आणि मागे लाकूड कुजत राहतं. पारदर्शक जलरोधक लेप आणि फटीत भरलेलं सिलिकोन यांचाही परिणाम हाच. अशा घरात बाहेरून एखादी गोष्ट ‘कायमची बंद’ करायची इच्छा झाली, तर तो हात आवरावा.

ओल आली की मागोमाग डेथवॉच नावाचा भुंगा येतो. त्याची अळी बुरशीने मऊ झालेल्या ओकमध्ये पाच ते दहा वर्षं पोखरत राहते. वसंतात प्रौढ भुंगे जोडीदाराला बोलावण्यासाठी डोकं लाकडावर आपटतात, रात्रीच्या शांततेत ते ऐकू येतं. औषध फवारून वरवरचा भाग मरतो, अळी मात्र आत खोल असते. खरा उपाय म्हणजे लाकूड कोरडं करणं. उलट लहान भोकांचा साधा कीडा सालीलगतचं कोवळं लाकूड खातो आणि गाभ्यापाशी थांबतो. त्यामुळे कडा भुसभुशीत आणि आत लाकूड ठणठणीत असं पुष्कळदा आढळतं. म्हणून आधी तपासायचं: हातोडीने टकटक करून आवाज ऐकायचा, सुरीचं टोक खुपसायचं, शंका असेल तिथे बारीक ड्रिलने किती खोलवर लाकूड टणक लागतं ते बघायचं. वरवर पाहून तुळई बदलायला निघालेले लोक बऱ्याचदा चांगला गाभा फेकून देतात.

दुरुस्तीत कुजलेला भागच तेवढा कापतात आणि नवा ओक तिरक्या लांब सांध्याने जोडतात. तो सांधा जाडीच्या साधारण तिप्पट लांब लागतो, नाहीतर तिथे ताण पेलत नाही. नव्या तुकड्याचं लाकूड निवडताना पुष्कळ जण चुकतात. जुना ओक पूर्ण वाळलेला असतो. त्याला ताजा ओला तुकडा जोडला तर तो दोन-तीन वर्षांत आकसून सांध्यातून सुटतो. म्हणून इथे वाळवलेला ओकच हवा. मूळ घर ओल्या लाकडात बांधलं, म्हणून ठिगळही ओलंच असावं असं नाही. धातूची पट्टी घालावी लागली तर स्टेनलेस स्टीलची. ओकमधलं टॅनिन नावाचं आम्लधर्मी द्रव्य साध्या लोखंडाला गंजवतं, गंज फुगतो आणि लाकूड फोडतो, वर काळे डागही पडतात.

लॉर्ड लेस्टर हॉस्पिटलचं विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठं नूतनीकरण झालं. लहान खोल्या एकत्र करून न्हाणीघरासकट स्वतंत्र घरं केली गेली, आणि म्हणून बंधूंची संख्या बारावरून आठवर आली. २०२३मध्ये आणखी एका मोठ्या कामानंतर इमारत लोकांसाठी पुन्हा उघडली. न्हाणीघर म्हणजे ओकच्या घरात रोजची वाफ आणि लपलेले नळ. म्हणून अशा घरात नळ भिंतीच्या आत नेत नाहीत, गळती लगेच दिसेल असे बाहेरून नेतात.

आणि वर्षातून दोनदा पन्हळी. शरद ऋतूत पानं गळून झाली की एकदा, वसंताच्या सुरुवातीला एकदा. शिडी लावायची, हाताने कचरा काढायचा, बादलीभर पाणी सोडून ते खाली नीट उतरतं का बघायचं. सांध्याच्या जागी पन्हळीखाली भिंतीवर हिरवट पट्टा दिसला, तर त्याच आठवड्यात दुरुस्त करायचं.